गार होईपर्यंत

वहिनीनं पार्लरच्या भिंतीवर मोठं घड्याळ लावलं, त्याच दिवशी माझं डोकं फिरलं. ते माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर होतं. खिडकीजवळची ती खुर्ची एकोणीस वर्षं माझी होती. पार्लर दादाच्या नावावर, हुकूम वहिनीचा आणि राबणं माझं, अशी आमची वाटणी. खुर्ची माझी होती तोवर मी कधी चकार शब्द काढला नाही.

माझं काम कर्लचं. दाट, भरदार केसांना कोणीही कर्ल करील, त्यात काय मोठंसं. माझ्याकडे यायच्या त्या सरळ आणि पातळ केसांच्या बायका. त्यांचा कर्ल दाराबाहेर पडेपर्यंत मान टाकतो. माझा टाकत नसे. त्यात जादूटोणा काही नव्हता. केस आदल्या दिवशी धुतलेले हवेत आणि कंडिशनरचा थेंबही नको, कारण पातळ केस गुळगुळीत झाला की तो काहीच धरून ठेवत नाही. बट घ्यायची दोन बोटांएवढीच. आणि बट गुंडाळलेला तापता रॉड काढल्यावर ते गरम वेटोळं तळहातात धरून उभं राहायचं, गार होईपर्यंत. मग क्लिप. केस तापला की वळतो, पण वळण धरतो तो गार होताना. गरम असताना सोडला तर केलं काय नि न केलं काय, सारखंच.

किती वेळ धरायचं हे मी घड्याळात बघत नसे. मी बोलत असे. एका कर्लला एक किस्सा. कधी शेजारणीचं मांजर, कधी माझ्या नवऱ्याचं घोरणं, कधी बसमधलं भांडण. किस्सा संपला की कर्ल गार झालेला असायचा. वहिनीला गल्ल्यावरून दिसायचं ते एवढंच, की हिचे हात थांबलेत आणि तोंडाचा पट्टा चालू आहे.

एका सकाळी तिनं मला वन्सं म्हणून हाक मारली. वहिनी मला वन्सं म्हणते तेव्हा काहीतरी हिसकावून घ्यायचं असतं, हे मला तिच्या लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून ठाऊक आहे. एका डोक्याला मी सव्वा तास घेते, असं तिनं सांगितलं. मोठ्या पार्लरमधून एक बाई येणार होती, ती वीस मिनिटांत डोकं मोकळं करते म्हणे. खुर्ची तिला. मी उद्यापासून बेसिनवर, केस धुवायला. बोलायला तिथे हवा तेवढा वेळ मिळेल, असंही वर म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. तळहाताचं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मी मूग गिळून बसले. एकोणीस वर्षं समोर बसून जिला दिसलं नाही, तिला आता मी काय डोंबल समजावून सांगू, असं वाटलं. हट्ट म्हणा, माज म्हणा. म्हटलं, पडू देत चार कर्ल तोंडावर, मग येईल माझे पाय धरत.

नव्या बाईचं नाव मी एक्सप्रेस ठेवलं. वाईट नव्हती बिचारी. माझ्याच वयाची, मान खाली घालून काम करणारी. जाड बट, कडक रॉड, गरम कर्ल तसाच खाली सोडायचा आणि वर स्प्रेचा फवारा. वीस मिनिटांत बाई उठून आरशात खूश. घरी जाऊन काय होतं ते बघायला घड्याळ थोडंच जात होतं? तरी दाट केसांवर तिचं निभावून गेलं. दोन आठवडे मी बेसिनवर उभी राहून वाट बघत होते. कोणाचेतरी कर्ल पडावेत म्हणून मनातल्या मनात नवस बोलत होते, हे सांगायची लाज वाटते, पण बोलत होते.

मग बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या. मला त्यांनीच अक्षरं शिकवली आणि वर्गात फार बोलते म्हणून बाकावरही उभं केलं. आता सत्तरीच्या, केस पांढरे, रेशमाच्या धाग्यासारखे पातळ आणि काठीसारखे सरळ. दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडून कर्ल करून घ्यायच्या आणि जाताना माझ्या डोक्यावर टपली मारायच्या. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता शाळेत त्यांचा मोठा फोटो काढायचा होता, सभागृहात कायमचा लावायला. चाळीस वर्षांतले विद्यार्थी जमणार होते. त्या माझ्या खुर्चीकडे निघाल्या, तर वहिनीनं त्यांना गोड बोलून बेसिनकडे वळवलं. मला म्हणाली, धुऊन घे, कंडिशनर लाव, बाकीचं नवीन बाई बघतील.

बाईंनी मान मागे टेकली आणि विचारलं, "कंडिशनर नाही ना लावायचं मला? तूच सांगायचीस."

"वहिनींचा हुकूम आहे," मी म्हणाले.

आणि लावलं. थोडंथोडकं नाही, ओंजळभर लावलं. मुळापासून टोकापर्यंत चोळलं आणि पाणी अर्धवट मारलं. तेव्हा माझ्या डोक्यात बाई नव्हत्याच. वहिनीचं तोंड कसं पडेल तेवढंच होतं. केसानं गळा कापणं म्हणतात, ते मी माझ्याच बाईंचं केलं, आणि वर टॉवेलही नीट गुंडाळून दिला.

एक्सप्रेसनं वीस मिनिटांत कर्ल करून त्यांना घरी पाठवलं. अडीच वाजता बाई परत आल्या. डोकं असं दिसत होतं, जणू सकाळी कोणी हात लावलाच नव्हता. उलट वाईट, स्प्रेनं केस एकमेकांना चिकटून डोक्यावर बसले होते. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की पाचला फोटो आहे.

वहिनीनं एक्सप्रेसला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. उद्यापासून येऊ नकोस, असंही सुनावलं. एक्सप्रेस बेसिनवरच्या कंडिशनरच्या बाटलीकडे बघत होती. सकाळी ती भरलेली होती, आता निम्मी. तिला कळलं होतं आणि तरी ती बोलली नाही. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. मी गप्प बसले की ती तिथल्या तिथे माझी होती.

वहिनी मला म्हणाली, "तूच घे आता हातात. तूच कर."

मी बाईंचे केस पुन्हा धुतले, दोनदा. ताज्या धुतलेल्या केसांना पकड यावी म्हणून वाळवून मुळाशी हलका फेस लावला. साडेतीन झाले. बटा निघाल्या तीस. एकटीनं एकेक धरत बसले असते तर पाच वाजून गेले असते. मी रॉड काढला, वेटोळं सोडवलं आणि वहिनीला म्हटलं, हात पुढे करा.

तिला वाटलं थट्टा आहे. मी तिचा हात ओढला आणि कर्ल तळहातावर ठेवला. दुसरा एक्सप्रेसच्या हातात. तिसरा वहिनीच्या दुसऱ्या हातात.

"भाजतंय," वहिनी म्हणाली.

"भाजू द्या. सोडायचं नाही. गार होईपर्यंत सोडायचं नाही." माझा आवाज चढला होता. "एकोणीस वर्षं माझं भाजतंय. तुम्हाला वाटलं मी गप्पा मारते."

मी माझा तळहात तिच्यासमोर धरला. मधोमध कातडी जाड आणि तांबूस झालेली आहे. वहिनीनं तो बघितला. तिला हात काढता येईना, तोंड फिरवता येईना. एक्सप्रेसही दुसऱ्या बाजूला तशीच अडकलेली. आयुष्यात पहिल्यांदा वहिनी माझं पुरतं ऐकून घेत होती, आणि मी काहीएक शिल्लक ठेवलं नाही. घड्याळाचं बोलले, खुर्चीचं बोलले, वन्सं म्हणण्याचंही बोलले. क्लिपांमागून क्लिपा लागत होत्या. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

शेवटच्या चार बटा राहिल्या तेव्हा बाई आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सकाळी डोकं धुताना तू एकही किस्सा सांगितला नाहीस."

एक्सप्रेसनं मान खाली घातली. मी म्हणाले, "हिचा दोष नाही. कंडिशनर मी मुद्दाम लावलं. ओंजळभर. कर्ल पडावेत म्हणूनच."

वहिनी तळहातात कर्ल धरून तशीच उभी होती.

"राग वहिनीवर होता ना?" बाईंनी विचारलं. "मग माझ्या डोक्यावर का काढलास?"

मी पुढची बट रॉडवर गुंडाळली. बाकावर उभं केलं होतं तेव्हाही उत्तर आलं नव्हतं, पण तेव्हा मी सात वर्षांची होते.

पावणेपाचला सगळ्या क्लिपा काढल्या, बोटांनी कर्ल मोकळे केले. सुरेख झाले होते. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम असेल. बाईंनी आरशात एकदा पाहिलं, पर्स उचलली आणि गेल्या. टपली मारली नाही. तीन दिवसांनी दुकानात दिसल्या तेव्हाही कर्ल जागेवर होते, असं शेजारीण सांगत आली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर घड्याळ नव्हतं, नुसता खिळा होता. मला वहिनीचा राग हवा होता. तिनं चार शब्द सुनावले असते तर मीही आठ सुनावले असते आणि फिटंफाट झाली असती. पण तिच्या तळहाताला मलम लावलेलं होतं. "खुर्ची तुझी," एवढंच म्हणाली आणि गल्ल्यावर जाऊन बसली. एक्सप्रेसला शेजारची खुर्ची मिळाली. ती आता कर्ल हातात धरते, आणि मला जीव गेला तरी एक्सप्रेस म्हणवत नाही.

तीन महिने झाले, चार झाले. काल मी एका नव्या मुलीचा कर्ल तळहातात घेऊन मांजराचा किस्सा सुरू केला होता. खिडकीतून बाई जाताना दिसल्या. केस सरळ, मागे रबरानं बांधलेले. पार्लरसमोरून त्या न थांबता गेल्या.

मुलगी विचारत होती, मग मांजराचं पुढे काय झालं? मला आठवेना. कर्ल केव्हाच गार झाला होता, तरी मी तो धरूनच उभी होते.