थर्मासमधलं गार पाणी

नवरा आंघोळीला गेल्याची खात्री करून तिने थर्मासमधलं कोमट पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं आणि फ्रिजमधल्या बाटलीने तो काठोकाठ भरला. झाकण घट्ट फिरवताना तिला जराही वाईट वाटलं नाही.

"अगं, पाणी भरलंस का?" त्याने आतून विचारलं.

"भरलं."

नवरा घड्याळजी. चौकात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आयुष्यभर उभ्या उभ्या घटाघटा पाणी पिणारा माणूस, वर जेवण झालं की पुन्हा पेला भरून. 'बसून प्या हो, दमाने प्या,' हे सांगून सांगून हिची जीभ झिजली. त्याने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. मग दुकानाला लागून वैद्यबाईंनी दवाखाना थाटला. याच्या पोटातल्या जळजळीवर त्या एकदाच काय त्या बोलल्या, आणि गृहस्थ सुतासारखा सरळ झाला. आता तो खुर्ची ओढून बसायचा, घोट घोट प्यायचा, आणि वर हिलाच शिकवायचा.

"तहान लागली की प्यावं. जेवताना मधेमधे घोटभर, बास. आणि फ्रिजचं तर नावच नको, अग्नी मंदावतो. वैद्यबाई म्हणतात."

वैद्यबाई म्हणतात, हे दोन शब्द तिला घासात खडा यावा तसे लागायचे. त्याची जळजळ थांबली होती खरी, पण आता हिचा जळफळाट सुरू झाला होता. त्याचं पोट एकदा पुन्हा बिघडू दे, म्हणजे बाईंचं शहाणपण उघडं पडेल, असा तिचा साधा हिशेब होता. तरी त्या दिवशी तिचं शिवणात लक्ष लागेना. गिऱ्हाइकाच्या पडद्याची एकच शिवण तिने दोनदा उसवली.

संध्याकाळी तो चपला काढत असतानाच तिने विचारलं,

"पाणी कसं होतं?"

"छान. कोमट."

त्या बाईच्या नावाने याला बर्फसुद्धा कोमट लागायला लागला की काय? दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा गार पाणी भरलं. पुन्हा तेच उत्तर आलं. फक्त या वेळी तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवेना. दुपारी घराला कुलूप लावून ती तडक दुकानावर गेली.

नवरा जागेवर नव्हता. टेबलावर भिंग आणि चिमटा पडला होता, शेजारी थर्मास उघडा होता. तेवढ्यात बाजूच्या दारातून पिकल्या केसांची, चष्मा कपाळावर चढवलेली एक स्थूल बाई वाफाळती केटली घेऊन आली आणि घरच्यासारखी थर्मासमध्ये पाणी ओतू लागली. हिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे काम तुमच्याकडे कधीपासून?"

बाईंनी वळून पाहिलं. "तुम्ही यांच्या घरच्या ना? ते पार्सल आणायला गेलेत. बरं झालं आलात, बसा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी सांगितलं म्हणून सांगू नका हं त्यांना. थर्मासमध्ये हल्ली गार पाणी असतं."

तिने उघड्या थर्मासकडे पाहिलं.

"रोज माझ्याकडून गरम घेतात, मिसळायला. म्हटलं, घरी सांगत का नाही? तर म्हणाले, तिच्या मनाला लागेल. तापवायचं विसरून फ्रिजचं भरते ती. आजवर एक गोष्ट विसरली नाही हो ती, आता काय झालं तिला? काल इथे बसून डोळे पुसत होते. म्हणाले, माझ्या पोटाचं राहू द्या, तिच्यासाठी काहीतरी औषध सांगा."

ती स्टुलावर बसली. बाईंनी तिच्या हातात पेला दिला, आणि तिने निमूटपणे एक घोट घेतला. तिला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खालून कसला तरी आनंदही वर येत होता.

"असं विसरायला कधीपासून होतंय?" बाईंनी मायेने विचारलं.

हो म्हणून गोळ्या घेऊन जाणं सोपं होतं.

"तुमचा दवाखाना उघडल्यापासून," ती म्हणाली.

बाईंनी केटली खाली ठेवली आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात नवरा पार्सल घेऊन दारात आला. बायकोला पाहून तो दचकला, लगबगीने आत शिरून आधी वाफाळत्या थर्मासच्या पुढे आडवा उभा राहिला, आणि मग म्हणाला,

"अगं, तू कशाला आलीस एवढ्या उन्हाची?"