वन्संची खोली

आम्ही ते घर दुरुस्तीला घेतलं तेव्हा हे त्रेचाळीस वर्षांचे होते. काम संपलं तेव्हा यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यात थोडा चुनाही असेल म्हणा.

घर यांच्या मामांचं. मामांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ते यांच्या आणि यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे वन्संच्या, नावावर आलं. खाली-वर मिळून चौदा खोल्या, रुंद जिना, छताला चुन्यात कोरलेल्या वेली, आणि दरवाजे इतके उंच की वरची कडी लावायला स्टूल लागायचं. मधली काही वर्षं तिथे कसलीशी कचेरी होती. कचेरीने वेलींवर पिवळा रंग फासलेला, त्याखाली कुणीतरी हिरवा, त्याखाली गुलाबी. वन्संनी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं आणि चौफेर बघून म्हणाल्या, "मामाने घर दिलंय की सूड उगवलाय?"

हे नकाशे काढायच्या खात्यात नोकरीला. रेघ केसभर चुकली तर गाव नदीत जातं, असं म्हणायचे. घरालाही तोच न्याय. सिमेंट नको, चुनाच हवा. चुना चार-चार महिने हौदात मुरवायचा. गिलाव्याचा एक हात दिला की तो महिनाभर सुकू द्यायचा, मग दुसरा. जुना रंग खरवडायचा तो अगदी पहिल्या थरापर्यंत. आणि सगळं काम वरून खाली. आधी छप्पर, मग माडी, मग जिना, शेवटी खालच्या खोल्या. "पाणी वरून येतं, मग दुरुस्तीही वरूनच आली पाहिजे," हे यांचं ठरलेलं वाक्य. वर्षाला एक खोली झाली तरी आम्ही पावलो म्हणायचो.

सुतार यांच्यावर ताण करणारा. कधीही विचारा, "उद्या." शेवटी त्याचं नावच उद्या पडलं.

खरवडायचं काम माझ्याकडे आलं. बोथट पटाशी घेऊन वेलीचं एकेक पान मोकळं करायचं. पहिली दोन वर्षं आमची रोज सकाळी भांडणं व्हायची. धुरळ्यावरून, पसाऱ्यावरून, हरवलेल्या खिळ्यांवरून. मला त्याचा फार त्रास होई. म्हणून मी नेम धरला. उजाडल्यापासून अकरा वाजेपर्यंत बोलायचं नाही. हात कामात, मनात नाम. नेम लागला आणि खरंच घरात शांतता आली. हे म्हणायचे, "घरातला सगळ्यात चांगला गिलावा हाच."

सहाव्या वर्षी वन्सं कायमच्या राहायला आल्या. त्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, लग्न केलं नाही, भाड्याच्या खोलीत राहिल्या. निवृत्त झाल्यावर म्हणाल्या, "निम्मं घर माझं आहे ना, मग निम्म्या घरात झोपू तरी." पण गुडघे पार गेलेले. माडीवरच्या तीन खोल्या तयार होत्या आणि जिन्याला एकतीस पायऱ्या. म्हणून त्यांची कॉट स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत लागली, डबे आणि रंगाच्या पिंपांच्या शेजारी. त्यांना खालची पूर्वेकडची कोपऱ्यातली खोली द्यायची असं पहिल्या दिवशीच ठरलं.

"मग तीच आधी करून टाक की, भाऊराया," त्या म्हणाल्या.

"ताई, क्रम मोडला की सगळं बिघडतं. वरची ओल खाली उतरेल, तुझीच भिंत खराब होईल."

"माझी भिंत होईपर्यंत मी भिंतीवरच्या फोटोत जाईन."

हे हसले. मीही हसले. क्रम काही मोडला नाही. पाठोपाठ माडीवरच्या उरलेल्या खोल्या झाल्या, जिना झाला, दिवाणखाना झाला. कुलूप उघडून आम्ही पाहुण्यांना त्या खोल्या दाखवायचो आणि पुन्हा कुलूप लावायचो. वन्सं कोठीतच राहिल्या.

उद्या आला की त्या हटकायच्या, "काय उद्याशेठ, काल येणार होतात ना?"

"ताई, लाकूड अजून ओलं आहे."

"लाकूड ओलं आहे, आणि मी वाळत चाललेय. बघा कोण आधी वाळतं ते."

माझ्या मौनाची तर त्यांना भारी गंमत. चहाचा कप घेऊन माझ्या घोड्यापाशी यायच्या. दोन लाकडी घोडे, त्यावर फळी, फळीवर मी. खालून म्हणायच्या, "हॅलो? लाईन बंद दिसतेय. बरं, मीच बोलते." आणि मग ऑफिसातल्या गोष्टी. शेजारच्या बोर्डावरची त्यांची मैत्रीण, जिला सगळे चार नंबर म्हणत. साहेबाच्या बायकोचे फोन. एका माणसाने चुकीच्या नंबरवर तासभर मागितलेली माफी. मला वर हसू आवरत नसे, फळी हलायची. त्या म्हणायच्या, "हसायला चालतं ना गं तुझ्या देवाला?"

तेराव्या वर्षी कोपऱ्यातल्या खोलीचं काम निघालं. पूर्वेला दोन खिडक्या, मधोमध भिंतीत कमानीचा खोल कोनाडा. सकाळचं ऊन थेट त्या कोनाड्यात पडायचं. माझे देव इतकी वर्षं स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. दिवा लावला की फळीला काजळी, म्हणून मी वातही बारीक ठेवायची. त्या खोलीत रोज चार तास भिंत खरवडता खरवडता, मनात नाम चालू असताना, मला ते देव कोनाड्यात दिसू लागले. आधी मी ते झटकलं. मग झटकेनाशी झाले. एक दिवस दोरीने कोनाड्याचं माप घेतलं. नुसतं बघावं म्हणून, असं स्वतःला सांगितलं. कुणाला बोलले नाही.

त्याच सुमारास चार नंबरचा फोन आला. ती एकटी राहत होती, लिफ्ट असलेल्या इमारतीत, दोन खोल्यांत. म्हणाली, ये माझ्याकडे, दोघी मिळून राहू. नाहीतर मी भाचीला आणते, तीही विचारते आहे. वन्सं आठवडाभर तो विषय हसण्यावारी नेत होत्या. "ती घोरते," म्हणायच्या. "चार नंबरच्या बोर्डावर कायम खरखर असायची, ती ह्याचीच."

मग एका सकाळी त्या खोलीत आल्या. हातात कप नव्हता. हे चुन्याच्या भट्टीवर गेले होते. दहा वाजून गेले असतील. मी फळीवर होते. त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. त्यामुळेच मी खाली पाहिलं.

"तिला आज सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तिची भाची दुपारी तिच्याकडे येते विचारायला. भाऊला नाही विचारत. तो राहा म्हणेल, त्याला नकाशातली एक खोली भरायची आहे. तुला विचारते. मी इथे राहू का? खरं सांग. तू राहा म्हणालीस तर राहते, मग पुन्हा विषय काढणार नाही."

मी पटाशी थांबवली. तेव्हा मला काय वाटलं ते आता लपवून उपयोग नाही. मला नेमाचा आधार वाटला. अकराला अजून अवकाश आहे, तोवर उत्तर द्यावं लागणार नाही, असं वाटलं. बोलणं बंद होतं, मान हलवायला कुठलंही व्रत आड येत नव्हतं. रोज मी उद्याला मानेनेच हो-नाही सांगायची. त्या दिवशी मी मान हलवली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. अकराला सांगते, असं.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, "हो गं, नेम आहे तुझा. विसरलेच." उठताना खिडकीच्या चौकटीला धरून उठल्या. मी पुन्हा पानावर पटाशी धरली आणि नाम घेऊ लागले, पण नाम कुठवर आलं होतं ते आठवेना.

अकरा वाजता खाली उतरून कोठीत गेले तर त्या फोन ठेवत होत्या. "येते म्हणून सांगितलं," म्हणाल्या. "बरं होईल. लिफ्ट आहे." मी म्हटलं, "वन्सं, अहो, मी सांगणारच होते." त्या म्हणाल्या, "हो, हो." आणि ट्रंक काढायला मलाच सांगितली. मी "राहा" म्हटलं, दोनदा म्हटलं. पण ते अकरानंतरचं होतं, आणि ते दोघींनाही कळत होतं.

संध्याकाळी हे आले. कोठीच्या दारात उभे राहिले आणि बहिणीला म्हणाले, "आणखी दीड वर्ष, ताई. फक्त दीड." वन्संनी यांच्या खांद्यावरचा चुना झटकला. "तुझं दीड म्हणजे उद्याचं उद्या," त्या म्हणाल्या. कारण विचारलं तर गुडघ्यांचं सांगितलं.

त्या गेल्यापासून यांनी एकच गोष्ट धरून ठेवली. जेवताना, भिंतीवर हात फिरवताना, कधीही म्हणायचे, "ती खोली आधी करायला हवी होती. माझा क्रम आड आला. माझ्यामुळे गेली ती." मी ऐकून घ्यायची. सकाळी म्हणाले तर नेम होताच. दुपारी म्हणाले तर म्हणायची, "आता कशाला तो विषय." तीन वर्षं मी यांना ते ओझं वाहू दिलं.

सोळाव्या वर्षी घर पूर्ण झालं. कोपऱ्यातल्या खोलीत मी देव ठेवले नाहीत. कॉट ठेवली, गादी घातली, कोनाड्यात फक्त एक पाण्याचा तांब्या. आणि वन्संना बोलावलं. त्या एका रात्रीसाठी आल्या. काठी टेकत सगळं खालचं घर पाहिलं, माडीचं यांच्याकडून ऐकलं. मग त्यांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो.

"सुरेख झाली," म्हणाल्या. कोनाड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "देव का नाही ठेवलेस?"

मी कोनाड्यातला तांब्या उगाच सरळ केला.

"अगं, दोरीने माप घेत होतीस तेव्हा मी दारात होते. चहा आणला होता. तसाच परत नेला."

"मग तरी तुम्ही मला विचारलंत?"

"म्हणूनच विचारलं." त्या कॉटवर बसल्या, गादी दाबून पाहिली. "म्हटलं, बघू, देवाला जागा देते की मला. तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. मलाही फळीवर मिठाशेजारी इतकी वर्षं बसवलं असतं तर मीही कोनाडा मागितला असता."

"आता राहा, वन्सं. मी आता विचारतेय. मनापासून."

"कळतंय मला." त्या हसल्या. "पण चार नंबरला आता दिसत नाही नीट. सकाळी पेपर वाचून दाखवावा लागतो, औषधं मोजून द्यावी लागतात. भाची काय, येते नि जाते. मी नसले तर ती दिवसभर नुसती रेडिओशी भांडत बसेल." मग हळूच म्हणाल्या, "तेव्हा राहिले असते गं. आनंदाने राहिले असते. कोठीतही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी आली. मी मौनात होते. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, यांना म्हणाल्या, "भुवया झटक रे जरा," आणि गेल्या. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही पायरीवर उभे होतो. हे आत वळले, कोपऱ्यातल्या खोलीच्या दारापाशी थांबले. कॉटवरची चादर नीट घडी करून ठेवलेली.

"आधी करायला हवी होती," हे म्हणाले. "मीच घालवली तिला."

सव्वानऊ झाले होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्या वेळेला तोंड उघडलं. माझाच आवाज मला परका वाटला. म्हटलं, "अहो, तुम्ही नाही. वन्संनी मला विचारलं होतं." आणि मग सगळं सांगितलं, दोरी, घड्याळ, न हलवलेली मान, आणि तीन वर्षं गप्प राहिले तेही.

यांनी कोनाड्याकडे पाहिलं. संपल्यावर विचारलं, "ताईला माहीत आहे हे?"

"हो. पहिल्यापासून."

"म्हणजे मलाच तेवढं नव्हतं."

हे आत गेले, कॉटच्या कडेवर बसले आणि वर बघत राहिले, छतावरच्या वेलींकडे. त्या वेलींचं एकेक पान मी नाम घेत मोकळं केलं होतं. मी दारात उभी राहिले. आत ये म्हणतील म्हणून बराच वेळ उभी राहिले.