रुईनिंगचा गट

कॉलरला अडकवलेल्या माइकवरची स्पंजची टोपी पुन्हा ओली झाली होती – आपल्याच श्वासाने, तोंग स्यूवेनला वाटलं, आणि एवढं करून मागच्या माणसाला ऐकू जातंय की नाही कोण जाणे... तिने टोपी चिमटीत धरून पिळली आणि छंगदच्या उन्हाळी राजवाड्याच्या अंगणात, पाइनच्या सावलीत, आपला गट उभा केला. सगळी निवृत्त माणसं. घशात गाठी झाल्यापासून पर्यटन कंपनी गाईड म्हणून तिला असेच सावकाश चालणारे गट देई. मोठे, हसरे, प्रश्न विचारणारे गट रुईनिंगकडे जात. रुईनिंग म्हणजे तिची एकुलती एक लेक.

ती पलीकडे सम्राटाच्या शयनमहालाच्या पायऱ्यांवर उभी होती, आणि माइक नसतानाही तिचा शब्द न् शब्द इथवर येत होता. तो आवाज माझा आहे – स्यूवेनच्या मनात आलं – वाडग्यातलं सूप संपावं म्हणून ह्याच सम्राटांच्या गोष्टी मी हिला भरवल्या. वाक्य कुठे तोडायचं, थांबलं की लोकांकडे नाही, दाराकडे बघायचं, म्हणजे लोकही दाराकडे बघतात, हे मीच शिकवलं... आणि ती ते माझ्याहून छान करते. कुणी म्हणालं, लेक अगदी तुमच्यावर गेलीय, की स्यूवेन हसायची. घरी आल्यावर कोबी चिरताना सुरी मात्र जरा जास्तच जोरात पडायची. कुठल्या आईला असं होतं? होत असेल... कुणी बोलत नसेल.

तेवढ्यात तिच्या गटातले दोघे-तिघे तिकडे सरकले. हान बाईसुद्धा – जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या, सकाळपासून तिचं बोलणं मन लावून ऐकणाऱ्या. त्यांना परत आणायच्या निमित्ताने स्यूवेन गर्दीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"सम्राट ज्याछिंग इथे वारले," रुईनिंग सांगत होती, "आणि पुढे शिएनफंगही इथेच." ती थांबली. दाराकडे बघितलं. "बाप आणि मुलगा. दोघांनाही बीजिंगचं घर पुन्हा दिसलं नाही."

गर्दीतून सुस्कारा निघाला.

आजोबा आणि नातू. मधला बाप तिकडे बीजिंगलाच वारला. नवशिक्या गाईडलाही हे पाठ असतं... आणि स्यूवेनच्या छातीत काहीतरी उबदार पसरलं, थंडीत गरम चहाचा घोट उतरावा तसं. तो आनंद होता, हे ओळखायला तिला एक क्षण लागला. ओळखल्यावर तिने खाली फरशीकडे बघितलं.

हान बाई वळून हळूच म्हणाल्या, "तोंगताई, ते आजोबा-नातू ना? माझंच चुकतंय का?"

पायऱ्यांवरून रुईनिंगची नजर आईवर आली होती.

"ती सांगतेय ते बरोबर आहे," स्यूवेन म्हणाली.

मी पोरीची लाज राखली, गटाला तळ्याकडे नेताना ती स्वतःला सांगत राहिली, चारचौघांत तिला खाली बघायला लावलं नाही... पण मग ती ऊब अजून गेली का नव्हती?

दुपारी दरवाजाबाहेरच्या खानावळीत दोघी नूडल्स खायला बसल्या. रुईनिंगने आपल्या वाडग्यातलं अंडं आईच्या वाडग्यात सारलं. परवा प्रांताच्या गाईडांच्या स्पर्धेत, परीक्षकांपुढे, ती हाच महाल सांगणार होती.

"आई, तू मागे उभी होतीस, मी बघितलं. काही चुकलं असेल तर आत्ताच सांग. तुझ्याशिवाय मला कोण सांगणार?"

शब्द तयार होते. आजोबा आणि नातू. एवढंच तर म्हणायचं.

"नाही गं," स्यूवेन म्हणाली. "जरा सावकाश बोल, बाकी काही नाही."

"खरंच? मला वाटलं तुझा चेहरा उतरलाय." रुईनिंग मोकळं हसली आणि भुरके मारत खायला लागली.

सांगू या, परवापर्यंत वेळ आहे, घरी जाताना सांगू... स्यूवेन अंडं सावकाश चावत राहिली. 'नाही' किती सहज आलं, किती मऊ. ते तोंडातून गेल्यावर सकाळची ती ऊब विझली होती, आणि तिच्या जागी शरम आली नव्हती, नुसतीच एक सपाट शांतता होती, जिची तिला भीती वाटायला हवी होती. ती लेकीकडे बघत राहिली – प्रेमाने, बघणारा कुणीही म्हणाला असता. आणि तेही खोटं नव्हतं.