ठकीच्या पोटातलं तिच्या आईचं

ठकी तीन आठवड्यांची असताना माझी बायको गेली. वर्षाची झाल्यावर ठकीने पहिल्यांदा अंडं खाल्लं आणि तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी अंडं बंद केलं.

बाळांच्या पोटातले जंतू आणि खाण्याची अॅलर्जी यांचा संबंध शोधणारी एक प्रयोगशाळा आहे. बायकोने गरोदरपणीच तिथे नाव नोंदवलं होतं. म्हणून ठकीच्या शीची डबी घेऊन मी अधूनमधून जातो. तिथल्या बाईंना मी विचारलं, "जंतूंचं आणि अंड्याचं काय नातं?"

"लहानपणी ते शरीराला शिकवतात, की हे अन्न आहे, शत्रू नाही. काही जंतू कमी पडले की ती शिकवणी कच्ची राहत असावी. असावी म्हणतेय हं, अजून शोधतोय."

"आणि ते येतात कुठून?"

"सुरुवातीचे बरेचसे आईकडून."

मी सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पावर कामाला आहे. नवी टाकी सुरू करताना आम्ही चालू टाकीतला गाळ आणून तिच्यात ओततो, म्हणजे त्यातले जंतू तिथे वाढतात. त्यामुळे मला लगेच कळलं. मी विचारलं, "हिच्या आईचे अजून आहेत का हिच्यात?"

बायकोच्याही शीचा नमुना त्यांच्या फ्रीजरमध्ये होता. बाईंनी दोन्ही ताडून पाहिले. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "एक सापडला. हुबेहूब तोच."

घरी येऊन सासूबाईंना टाकीचं उदाहरण देऊन समजावलं.

"जावईबापू, पोरीच्या पोटाला गटार म्हणू नका," त्या म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात ठकीचा कान ठणकायला लागला, ताप चढला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. बाटली हातात धरून मी ओट्याशी उभाच राहिलो.

"मुहूर्त बघताय का?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, याने चांगले जंतूही मरतात. तो एकच आहे. तोही जाईल."

त्यांनी ठकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "ती असती तर बाटली हिसकावून घेऊन स्वतः पाजलं असतं तिने."

मी औषध पाजलं. ठकीने थोडं माझ्या शर्टावर उडवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. "तगेलही, जाईलही," त्या म्हणाल्या. "औषध संपल्यावर पुन्हा तपासू."

सासूबाई शेजारीच कान लावून बसल्या होत्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"अहो बाई, माझ्या लेकीकडे तो कुठून आला होता?"

"कदाचित तुमच्याकडून. पण तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

सासूबाईंनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि आवाज खाली आणला.

"सकाळचीच लागते, की कधीचीही चालते?"