आवाज कोपऱ्यातून आला

मित्रांनो, मी स्पीकर आहे. जुना, आणि जेमतेम बोटाच्या पेराएवढा. गाणी-गोष्टी मला जमत नाहीत. मला एकच स्वर येतो, 'बीप'. कॉम्प्युटर सुरू होताना सगळं ठीक असेल तर मी एकदाच, थोडक्यात बोलतो. काही बिघडलं असेल तर ओरडतो; कुठला भाग बिघडला, तसं ओरडणं वेगळं.

कारखान्यातून मी एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये आलो. सकाळी माझा स्वर ऐकला की तिथल्या बाई "उठला एकदाचा!" म्हणत खुर्ची पुढे ओढायच्या. माझं कौतुक तेवढंच. पुढे तो कॉम्प्युटर मोडीत निघाला. एका हौशी मुलीने तो घरी नेऊन सुटा केला, मला स्क्रूंच्या डब्यात टाकलं आणि विसरून गेली. डब्यात काळोख होता. किती वर्षं गेली, कुणास ठाऊक.

एका दुपारी झाकण उघडलं. तीच मुलगी, आता चांगली मोठी झालेली.

टेबलावर तिने स्वतः जोडलेला नवाकोरा कॉम्प्युटर होता. बटण दाबलं की आतले पंखे फिरायचे, दिवे लागायचे, पण स्क्रीन काळी ठिक्कर. तिने वायरी बदलल्या, दुसरी स्क्रीन लावून पाहिली. छे! पेटी नुसती घरघरत होती.

शेजारी तिचे बाबा बसले होते. लिलावात बोली पुकारणारा माणूस. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. त्याआधी मुलीने त्यांच्याकडून तासन्तास वाचून घेऊन ते रेकॉर्ड केलं होतं. आता बाबांनी टाइप करायचं आणि या कॉम्प्युटरने ते त्यांच्याच आवाजात बोलायचं, असा बेत होता.

बाबांनी पाटीवर लिहिलं, 'राहू दे.'

"राहू दे काय? आज तुम्ही बोलणार!" असं म्हणत तिने माझी वायर आत जोडली आणि बटण दाबलं.

मी ओरडलो. लांबलचक. पुन्हा तसाच, मग पुन्हा. आई दारात येऊन उभी राहिली.

"बंद कर गं ते! आत कुणाला तरी कोंडल्यासारखं वाटतंय."

"थांब आई. हे मेमरीचं रडणं आहे."

तिने वीज बंद केली आणि मेमरीच्या पट्ट्या तपासल्या. एका पट्टीचं टोक खाचेत नीट बसलंच नव्हतं. तिने अंगठ्याने दाबलं. टक्! पुन्हा बटण. या वेळी मी एकदाच बोललो, थोडक्यात. स्क्रीन उजळली.

बाकीची जुळवाजुळव होईस्तोवर संध्याकाळ झाली. आई स्वयंपाकघरात गेली होती. बाबांनी काहीतरी टाइप केलं. कोपऱ्यातल्या फळीवर ठेवलेल्या मोठ्या स्पीकरमधून भरदार आवाज आला, "अगं, ऐकलंस का?"

आई ओल्या हातांनीच धावत आली. "अहो!" ती म्हणाली. पण बाबांकडे बघून नाही, कोपऱ्याकडे बघून. बाबांचे ओठ मिटलेले होते.

"मी इथे आहे," कोपरा म्हणाला.

"हो, हो, बोला ना," आई कोपऱ्यालाच म्हणाली. "कुठे होतात इतके दिवस?"

मुलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पंखे गुणगुणत राहिले. बाबांची बोटं कीबोर्डवर तशीच थबकली. समोर बसलेला नवरा आईला दिसतच नव्हता.

मग बाबा उठले. त्यांनी फळीवरचा स्पीकर उचलला, वायर ताणून खुर्चीपर्यंत आणला आणि एका हाताने छातीशी घट्ट धरला. दुसऱ्या हाताने एकेक अक्षर दाबलं.

"मी इथे आहे."

आवाज त्यांच्या छातीतून आला. आईची नजर हळूहळू वर सरकली, त्यांच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. तिने पुढे होऊन त्यांच्या गळ्यावर हात ठेवला.

"किती वाळलात हो," ती म्हणाली.

मित्रांनो, यंत्रांना जपा, त्यांचं ओरडणं कानाआड करू नका. मात्र यंत्रातून कुणी माणूस बोलत असेल, तर पेटीकडे बघू नका. त्याच्या तोंडाकडे बघा.