माईकची शिट्टी

विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असताना मी एका साप्ताहिकाच्या कचेरीत गेले आणि गाण्याच्या कार्यक्रमांवर लिहायचंय म्हणून सांगितलं. गाणं शिकलीस का, संपादकांनी विचारलं. नाही म्हटलं. मग निदान ऐकतेस का? हो म्हटलं, आणि ते खरं होतं. बाबा सभागृहात साउंड सांभाळायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलामागे बसून गृहपाठ करायची. हे मात्र मी संपादकांना सांगितलं नाही.

त्यांनी शनिवारची मैफल दिली. तीनशे शब्द, सोमवारी सकाळी हातात हवेत.

"नुसती स्तुती आणलीस तर परत येऊ नकोस," ते म्हणाले. "स्तुतीला जाहिरातवाले आहेत."

मैफल नेमकी बाबांच्याच सभागृहात. गायिका सुरेख गायली. पण मध्यंतरानंतर माईकने दोनदा बारीक, लांब शिट्टी मारली. माझ्या शेजारच्या बाईंनी तर कानांवर हात ठेवले. मी मागे वळून पाहिलं. पहिल्या वेळी बाबांनी झटकन बटण फिरवलं. दुसऱ्या वेळी ते शांतपणे चष्मा पुसत होते.

घरी वर्षभरात टीव्हीचा आवाज चढत गेला होता. शेजाऱ्यांना आता वेगळा टीव्ही घ्यायला नको, असं आई म्हणायची. आम्ही हसायचो आणि कानाडोळा करायचो.

रविवारी मी शिट्टी गाळून लेख लिहिला. इतका गोड झाला की कागदाला मुंग्या लागल्या असत्या. तो फाडला. शिट्टी घालून लिहिला, तर सभागृहाचे व्यवस्थापक वाचणार हे डोळ्यांसमोर आलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला स्वतःचाच राग येत होता. शेवटी दुसरा कागद बाबांपुढे ठेवला.

त्यांनी तो सावकाश वाचला. एका ओळीवर बोट थांबलं.

"दोनदा?"

"हो."

"मला एकदाच ऐकू आली."

मी घाईघाईने म्हटलं, की ओळ काढून टाकते, तसंही कुणाच्या लक्षात आलं नसेल. बाबांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"आहे तसंच दे. व्यवस्थापकांना मी उद्या सांगतो. त्यांना छापील कागदावरून कळायला नको."

सोमवारी संपादकांनी लेख वाचला, 'अविस्मरणीय' खोडलं आणि विचारलं, शिट्टी नक्की दोनदा का? दोनदा, मी म्हटलं. शुक्रवारी ये, दुसरं काम देतो, ते म्हणाले. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या, पण जिन्यात रडूच आलं.

घरी पोहोचले तर सगळं शांत होतं. मला वाटलं, बाबा अजून आले नाहीत. ते टीव्हीसमोरच बसले होते. आवाज पार खाली आणला होता, आणि ते बातम्यांखाली सरकणारी ओळ वाचत होते.