विजयमालाताईंची चौकशी

"वारले ते नंतर सांगा हरीओमभाऊ. आधी सोडून गेले कोन ते सांगा."

विजयमालाताईंनी फोन कानाशी धरून पेन्सिल उचलली. पलीकडून शेलूबाजारच्या स्नेहसेवा क्लबचे सचिव हरीओम, ज्यांचं बियाण्यांचं दुकान होतं, एकेक नाव सांगू लागले. एकाची अकोल्याला बदली झाली होती. एकाला पत्नीच्या आजारपणामुळे वेळ होत नव्हता. नवीन दोघं आले होते.

जिल्ह्यात स्नेहसेवेचे पाच क्लब होते. रक्तदान, डोळ्यांची शिबिरं, गुरांना लसीकरण अशी त्यांची कामं चालत. कोण आलं, कोण गेलं हे दर महिन्याला विचारून वाशीमला मुकेशभाऊंना कळवायचं, हे काम विजयमालाताईंकडे होतं. मुकेशभाऊ पाचही क्लबांचे प्रमुख. हे काम कोणालाच नको होतं, ताईंनी ते मागून घेतलं होतं. कारंज्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी ऑपरेटर म्हणून गेली. लग्न केलं नाही. गावाबाहेरच्या मळ्यात भाऊ वांगी-टोमॅटो पिकवत होता, त्याच्याच घरी दोन खोल्यांत त्या राहत. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, तरी माणसांबद्दलचं कुतूहल काही निवृत्त झालं नाही. कोणी नवीन आलं की हा कोण, आणि कोणी गेलं की का गेला, हे कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे.

"आता मले एक सांगा," त्या म्हणाल्या. "ते पडघान तुमच्याकडूनच गेले होते ना? धम्मरत्न पडघान?"

"कोन, ढोराचे डॉक्टर? व्हय. लय चांगला मानूस."

"मंग गेले काहून?"

पलीकडे शांतता पसरली. दुकानात गिऱ्हाईक आल्याचा आवाज नव्हता, फोनही कटला नव्हता.

"आता ते… मले काय मालूम ताई. त्याइची मर्जी."

ताईंनी आयुष्यभर अशा शांतता ऐकल्या होत्या. लाइन खराब असली की वेगळी शांतता असते आणि माणूस अडखळला की वेगळी.

प्रश्न त्यांच्या एकटीचा नव्हता. धम्मरत्न पडघान जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पर्यवेक्षक होते. घर शेलूबाजारला, नोकरीही तिथेच. आधी ते गावातल्या क्लबात होते. वर्षभरात सोडला आणि मंगरूळपीरच्या क्लबात गेले. तोही सोडला आणि आता त्याहून लांब, कारंज्याला, ताईंच्याच क्लबात आले होते. बकऱ्यांच्या लसीकरणाचं शिबिर त्यांनी असं उभं केलं की सगळ्यांनी त्यांचं नाव उपाध्यक्षपदासाठी सुचवलं. मुकेशभाऊंनी मात्र अडवून धरलं.

"दोन क्लब सोडून आलेला मानूस हाय ताई. पदासाठी फिरत असंल. नाई तं भांडखोर असंल. तुमी जरा पाहा."

मंगरूळपीरच्या सचिव शुभांगी शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना अंतर लांब पडत असेल हो ताई." मग ज्याला मंगरूळ लांब पडतं तो कारंज्याला कसा येतो, असं ताईंनी विचारलं, तेव्हा शुभांगीबाईंची शाळेची घंटा झाली. ताईंना मात्र फोनमध्ये ती ऐकू आली नाही.

भांडण झालं म्हणावं, तर दोन्हीकडची माणसं त्यांच्याबद्दल चांगलंच बोलत होती. पद हवं म्हणावं, तर दोन्हीकडे पद मिळायच्या आधीच ते निघून गेले होते. ताईंना रात्री झोप लागेना. गुरुवारी त्यांनी पिशवीत भावाच्या मळ्यातली वांगी घेतली आणि शेलूबाजारची एसटी धरली.

दवाखान्याच्या ओट्यावर धम्मरत्न एका शेळीचं तोंड उघडून पाहत होते. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. बाह्या दुमडलेल्या. ताईंना पाहून ते हसले.

"ताई! तुमी इकडं? बकरी घेतली का काय?"

"बकरी नाई घेतली. तुमाले काई विचाराचं हाय."

त्यांनी हात धुतले, खुर्ची पुसून दिली. ताईंना आडून विचारता येत नसे. त्यांनी सरळच विचारलं, "तुमी क्लब काहून बदलवता?"

धम्मरत्नांनी हात पुसून पंचा दोरीवर टाकला. मग म्हणाले, "ढोराले कुठं दुखते ते हात लावून पाहा लागते. तुमी तं सरळ विचारूनच मोकळ्या झाल्या."

"मंग सांगा ना सरळ."

"चहा घेऊ चला घरी. वच्छला खूश होईल. कारंज्याहून कोनी आलं नाई अजून."

घर मागच्या वस्तीत होतं. दोन खोल्या, पुढे फरशी घातलेलं अंगण, दारात पारिजातक, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. वच्छलाबाईंनी वांगी हातात घेऊन निरखली, देठ दाबून पाहिलं. "आज सकाळचीच हायत," म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा खुलला.

चहा होईपर्यंत ताईंनी तोच प्रश्न पुन्हा काढला. उत्तर वच्छलाबाईंनी दिलं.

"मी सांगते. तुमच्या क्लबाची सभा दर महिन्याले एकेकाच्या घरी असते ना? जेवन असते ना?"

"असते."

"आमची पाळी आली. या गावात. मी दोन दिस राबली. बेसनाच्या पातोडीचा रस्सा, भाकरी, शिरा. अंगनात चटया टाकल्या. आन संध्याकाळी निरोप आला, सभा मंगल कार्यालयात ठेवली म्हने. सोयीचं पडते म्हने. हे गेले तिथं सभेले. मी तो रस्सा वस्तीत वाटला."

"वच्छला," धम्मरत्न म्हणाले.

"बोलू द्या मले. मंगरूळवाले तं आले तरी. चौघंजन. एकाचा उपास, एकाचं पोट बिघडलं, आन दोघं जेवूनच आले होते. पानी बी आपल्याच बाटलीतलं पेले. लय गोड बोलले बाप्पा. वहिनी घर किती साफ ठेवता म्हने."

ताईंचा चहा हातातच राहिला. इतके दिवस त्या ज्याच्या मागे होत्या ते उत्तर समोर आलं होतं, आणि मिळाल्याचा आनंद कुठे जाणवत नव्हता.

"तुमी कोनाले बोलले काहून नाई?" त्यांनी धम्मरत्नांना विचारलं.

"काय बोलू? कोनी वाईट शब्द बोललं नाई. भांडलं असतं तं मी बी भांडलो असतो. इथं कोनी भांडतच नाई ताई, सगळे हसून बोलतात."

"मंग परत परत कायले जाता?"

"काम आवडते. एकटा मानूस किती बकऱ्यांले लस टोचंल? दहा जन सोबत असले तं दोन दिसात तालुका होते." ते थांबले. "आन मानसं आवडतात मले. वाटलं, मोठ्या गावात इतकं कोनी पाहत नसंल."

तेवढ्यात ताईंच्या पिशवीत फोन वाजला. त्याच क्षणी धम्मरत्नांच्या खिशातलाही. दोघांनी आपापले फोन काढले. कारंज्याच्या ग्रुपवर अध्यक्ष हर्षल यांचा निरोप होता. येत्या रविवारची सभा शेलूबाजारला धम्मरत्नजींच्या घरी न होता, सर्वांच्या सोयीसाठी कारंज्यातच सभागृहात होईल. खाली हात जोडल्याचं चित्र.

"काय आलं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"सभेचं हाय," धम्मरत्न म्हणाले. त्यांनी दोन शब्द टाइप केले. ताईंच्या फोनवर ते उमटले. 'ठीक आहे.'

वच्छलाबाई कप उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताई हर्षलच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. तो दातांचा डॉक्टर, वयाने त्यांच्या भाच्याएवढा. त्याने पेशंट संपवले आणि समोर येऊन बसला.

"ताई, अंतर आहे हो. सगळ्यांना एवढ्या लांब न्यायचं म्हणजे."

"मंग हुरड्याले आपन तुह्या सासरवाडीले गेलो, ते कुठं होतं? वाशीमच्याही पल्याड. तवा सगळ्याइले गाड्या भेटल्या."

हर्षल टेबलावरचा कॅलेंडरचा ठोकळा फिरवत राहिला. "माझं काही नाही ताई. खरंच. पण काही लोक म्हणाले…"

"कोन लोक?"

"जाऊ द्या ना."

"नावं सांग. मी भेटते त्याइले. मी तं चौकशीखोर बाई हाय, माह्यावर कोनी रागावत नाई."

त्याने ठोकळा जागेवर ठेवला. ताई निघाल्या तेव्हा मात्र म्हणाला, "ग्रुपवर काही टाकू नका ताई. क्लब फुटेल."

ताई घरी आल्या. मळ्यात बांधावर बसून बराच वेळ विचार केला. क्लब फुटला तर आपल्याकडे काय उरेल, हे त्यांना ठाऊक होतं. दर महिन्याचे फोन, सभा, लोकांची विचारपूस. एवढंच तर होतं. मग त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत ग्रुपवर लिहिलं, 'मी रविवारी शेलूबाजारला पडघान यांच्या घरी सभेला जात आहे. पाळी त्यांची आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं.'

सगळ्यांनी ते वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर कोणाचंही आलं नाही.

त्यांनी वच्छलाबाईंना फोन लावला. "वहिनी, रविवारचं रांधा."

"पुन्यांदा?" पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "किती जनाचं?"

ताई खोटं बोलू शकल्या असत्या. "मले माहीत नाई," त्या म्हणाल्या. "माह्या एकटीचं नक्की धरा."

शनिवारी मुकेशभाऊंचा फोन आला. ग्रुपवरचा ताईंचा निरोप त्यांच्या कानावर गेला होता.

"ताई, तुमाले चौकशी कराले सांगतली होती. भांडन लावाले नाई."

"चौकशी झाली ना भाऊ. तो मानूस कुठूनच पळून गेला नाई. त्याच्या घरचं पानी कोनाले नको होतं. आता तुमी वरचं मानूस हाय. काय लिहायचं ते तुमीच ठरवा."

मुकेशभाऊ म्हणाले, पाहतो. आणि फोन ठेवला.

संध्याकाळी इंझोरीच्या चंपतरावांचा फोन आला. ते क्लबातले सगळ्यात जुने सभासद. मोबाइल फक्त बोलायला वापरत, ग्रुपवरचं त्यांना नातवाने वाचून दाखवलं होतं.

"उद्या एसटीनं कायले जाता? माह्यी गाडी हाय. मेडिकलवाली रुचिका बी येते म्हने, अजून दोघं-तिघं हायत."

"तुमाले माहीत हाय ना चंपतराव, काय झालं ते?"

"माहीत हाय," चंपतराव म्हणाले. "आमच्या गावात माह्या बापानं त्याइच्या समाजाच्या मानसाइसंग एका वावरात काम केलं. पन जेवाले बांधाच्या या बाजूले आमी, त्या बाजूले ते. मी ल्हान होतो, तरी आठवते मले. आता वय झालं ताई. आता त्या बाजूनं जाऊन पाहू म्हनतो."

रविवारी अंगणात चटया होत्या आणि मंडपवाल्याच्या खुर्च्याही. आलेल्यांना चटयाच पुरल्या. खुर्च्या एकात एक तशाच उभ्या राहिल्या, त्यांच्याकडे पाहायचं सगळ्यांनीच टाळलं. मधेच हर्षलचा फोन आला. सभागृहात तो आणि आणखी तिघंच होते.

"मंग ये इकडंच. रस्सा गरम हाय," ताई म्हणाल्या.

तो येतो म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. जेवणं होईपर्यंत ताईंचे कान रस्त्याकडे होते. गाडी आली नाही.

धम्मरत्नांनी पांढरा सदरा घातला होता. सुरुवातीला ते वाढताना फार बोलत नव्हते. ताट पुढे केल्यावर समोरचा हात थांबतो का, हे त्यांचे डोळे पाहत होते, आणि ते पाहतात हे ताईंना दिसत होतं. चंपतरावांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली आणि ओरडले, "अजून आना वो! आन पानी बी आना, तोंड पेटलं!" रुचिका हसली. माठातलं पाणी आलं, तांब्या हातोहात फिरला. मग धम्मरत्नही हसले आणि गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या शिबिराचं बोलायला लागले. कोणत्या गावापासून सुरुवात करायची यावर चांगलाच वाद जुंपला.

ताई उठून आत गेल्या. वच्छलाबाई चुलीपाशी होत्या. भाकऱ्यांची चळत फडक्याखाली झाकलेली होती, अर्ध्याहून जास्त उरलेली.

"आता तुमी बसा. मी वाढते," ताई म्हणाल्या.

"तुमी पाव्हन्या हाय."

"बसा म्हनलं ना."

वच्छलाबाई भिंतीला टेकून बसल्या. ताईंनी ताट केलं. रस्सा वाढला, भाकरी ठेवली, कांदा फोडून दिला. वच्छलाबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "तिखट तं नाई झालं?"

"सगळ्याइनं दोनदा घेतलं."

"नाई, खरं सांगा."

"थोडं झालं," ताई म्हणाल्या. वच्छलाबाईंनी समाधानाने मान हलवली.

बाहेर सभेचा शेवटचा विषय चालू होता. पुढची सभा कोणाकडे, असं धम्मरत्न विचारत होते. आत वच्छलाबाईंचा हात ताटातच थांबला.

"माह्याकडं ठेवा," चंपतरावांचा आवाज आला. "पन धम्मरत्नभाऊ, एकटे येऊ नोका. वहिनीले घेऊन या. माह्या बायकोले सांगतो मी, दोघंबी जेवाले हायत म्हून."

वच्छलाबाईंनी कान देऊन ते पुरतं ऐकून घेतलं.

"कोनतं गाव हाय त्याइचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"इंझोरी."

"कशानं जा लागते तिथं?"

"कारंज्यापर्यंत एसटी हाय. तिथून मी येते तुमच्यासंग."

वच्छलाबाईंनी थोडा विचार केला. "मंग सकाळीच निघा लागंल," त्या म्हणाल्या, आणि भाकरीचा तुकडा मोडून जेवू लागल्या.